सातुर्निनाने काढलेली रीत

सातुर्निनाची भट्टी आमच्या गल्लीच्या टोकाला, निलगिरीच्या झाडांखाली होती. आठवड्यातून दोनदा ती पेटायची. बायका घरून मळलेलं पीठ फडक्यात गुंडाळून आणायच्या, सातुर्निना पाव भाजून द्यायची आणि मोबदला म्हणून प्रत्येकीच्या पावांतले थोडे ठेवून घ्यायची. बायकांच्या पाठीवरच्या झोळीत पोरं असायची. भट्टीच्या भिंतीला लागून एक ओटा होता, मेंढीच्या कातड्यांनी झाकलेला. पोरं तिथे उबेला ठेवली जायची आणि सातुर्निना लांब दांड्याचं फावडं आत-बाहेर करत त्यांच्याशी गप्पा मारायची.

"काय साहेब, काल झोप लागली का?" असं ती चार महिन्यांच्या पोराला विचारायची आणि थांबायची. खरोखर थांबायची, फावडं हातात धरून, जणू समोर गावचा प्रमुख अल्काल्दे बसला आहे आणि तो काय निवाडा देतो ते ऐकायचं आहे. पोराने "अं" केलं की म्हणायची, "असं होय. आई घोरते. मलाही तसंच वाटलं होतं." पोराची आई लाजायची, बाकीच्या हसायच्या आणि पोर आणखी जोरात "अं" करायचं.

ती मूळची वरच्या डोंगरातली. आईबाप एकाच साथीत गेले आणि काकाने तिला खाली आमच्या वायरापाता गावात एका व्यापाऱ्याच्या घरी आणून सोडलं. त्या घरच्या बाईने बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर धरलं होतं, म्हणून नावाला ती त्या घरची धर्मकन्या. काम मोलकरणीचं. तिथेच ती पाव करायला शिकली.

"मला कुणी मारलं नाही त्या घरात," ती सांगायची. "जेवायलाही पोटभर होतं. पण मी मोठी होईपर्यंत मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. 'आण', 'ठेव', 'जा'. संपलं. पहिला प्रश्न पिओने विचारला. खेचरांवर मीठ घेऊन आला होता. म्हणाला, 'थंडी वाजते का गं?' मी त्याच्याशी लग्नच केलं."

पिओपासून तिला दोन मुलं झाली. दोन्ही पाळण्यातच गेली. पुढे पिओ घाटात दरडीखाली सापडला. मागे भट्टी राहिली आणि गावभरची पोरं. तिला धर्ममाता व्हायला बोलावलं नाही असं घर आमच्या भागात क्वचितच असेल. फोर्तुनाताच्या नातीच्या वेळी, म्हणजे देल्मिराच्या वेळीही, तिलाच बोलावलं होतं; तेव्हापासून त्या घरच्या बायका आणि ती एकमेकींना मानाने 'कोमाद्रे' म्हणायच्या.

फोर्तुनाता माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणांत कमरेइतकी मातीची भिंत होती, त्यामुळे तिच्या घरातलं मला न पाहता दिसायचं. तिचा एकुलता मुलगा तेओदोसियो खाणीत कामाला. महिन्यातून एकदा घरी यायचा, झोपायचा, खायचा आणि जायचा. समुद्रकाठच्या काय्याओ बंदरातून त्याने बायको करून आणली, रोसाउरा. चटपटीत, बोलकी, सारखं गाणं गुणगुणणारी. पहिलं वर्षभर सासू-सुनेचं बरं चाललं होतं. सूनबाईला मक्याचे दाणे भाजता येत नाहीत, ते करपतात, एवढीच सासूची तक्रार.

आमच्याकडे मुलाचं जावळ असंतसं काढत नाहीत. ते वाढू देतात, नीट विंचरतही नाहीत, गुंता झाला तरी राहू देतात. मूल बोलायला लागलं की सण बघून धर्ममाता पहिली बट कापते, मग पाहुणे एकेक बट कापतात आणि ताटात नाणी ठेवतात, कुणी कोकरू कबूल करतं. मूल बोलण्याआधी कात्री लागली तर त्याची जीभ अडते, असं जुनी माणसं मानतात. फोर्तुनाता मानायची. रोसाउराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती सांगायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

देल्मिरा वर्षाची झाली तेव्हा तिच्या डोक्यात उवा झाल्या. खाजवून खाजवून रक्त निघालं. फोर्तुनाता बाजारात गेलेली असताना रोसाउराने अंगणात बसून पोरीचं सगळं जावळ कापलं, डोकं धुतलं, तेल लावलं आणि मोठ्या कौतुकाने सासूची वाट बघत बसली.

फोर्तुनाता आली. टोपली खाली ठेवली. अंगणभर उडालेले केस एकेक करून वेचले, फडक्यात बांधले आणि आढ्याला खोचून ठेवले. मग भिंतीपलीकडे मी उभी असताना सुनेला म्हणाली, "तू हिची जीभ कापलीस." त्यानंतर तिने रोसाउराशी बोलणं टाकलं.

अबोला म्हणजे चार दिवसांचा रुसवा असेल असं आम्हाला वाटलं. पण फोर्तुनाता हट्टी आणि रोसाउराही काही कमी नव्हती. सहा महिन्यांनी त्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा, कोंबड्यांचा यायचा, चुलीपाशी पाळलेल्या कुईंची, म्हणजे गिनीपिगांची, चूंचूं यायची. माणसांचा येत नसे. रोसाउराचं गुणगुणणं बंद झालं. दोघी पोरीला जेवू घालायच्या, पांघरूण घालायच्या, कडेवर घ्यायच्या, पण तोंड मिटून. एकीने पोरीशी बोलायचं तर दुसरीला ऐकू जाणार, आणि दुसरीला ऐकवायचं नव्हतं.

देल्मिरा तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलली नाही. भूक लागली की पातेल्याकडे बोट दाखवायची. पडली तर आवाज न करता रडायची. ते बघवत नसे.

जूनमध्ये आरोग्यकेंद्रात नवी नर्स आली. सातुर्निना आणि रोसाउरा पोरीला तिच्याकडे घेऊन गेल्या. नर्सने पोरीच्या पाठीमागे चमचा पाडला, तशी पोर वळली. घशात बघितलं, खेळायला काड्यापेटी दिली, तिने ती उघडून मिटून पाहिली.

"कान छान आहेत," नर्स म्हणाली. "समजतंही सगळं. घरी हिच्याशी कोण बोलतं?"

रोसाउरा खाली बघत राहिली.

"आणि घरातली माणसं एकमेकांशी?"

रोसाउराने पोरीला जवळ ओढलं. नर्सने समजावून सांगितलं की मूल बोलणं ऐकून ऐकून बोलतं, हिला पुष्कळ बोलणं लागेल, आणि आता उशीर करू नका.

परतताना रोसाउरा सातुर्निनाला म्हणाली, "कोमाद्रे, जुलैतला सान्तियागोचा सण झाला की मी हिला घेऊन काय्याओला बहिणीकडे जाते. कायमची. इथे राहिले तर मीसुद्धा मुकी होईन."

ही बातमी भट्टीवर पोचली आणि भट्टीवरून फोर्तुनाताकडे. त्या दिवशी फोर्तुनाता पीठ घेऊन आली ती भाजून न घेताच परत गेली. संध्याकाळी मला नेहमीच्या मानाने हाक मारून भिंतीवरून म्हणाली, "दोन्या ओबदुलिया, आता पोर जाणार. पोरीचा वास असतो ना गं घराला, तो जाणार." तिला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मग सुनेशी बोल की," मी म्हटलं.

"काय बोलू? दोन वर्षं झाली. कुठून सुरुवात करायची असते?"

हे मी सातुर्निनाला जाऊन सांगितलं. ती राख ओढत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाचे हात पुसत फोर्तुनाताच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि दोघींना बाहेर बोलावलं.

"सणाला मी देल्मिराचं जावळ काढणार," तिने जाहीर केलं. "धर्ममाता मी आहे, दिवस मी ठरवणार. केस मानेखाली आलेत, पुरेसे आहेत."

"बोलत नाही ती अजून," फोर्तुनाता म्हणाली.

"म्हणूनच. हे जावळ एकदा रीत मोडून कापलं गेलंय. अशा जावळाची रीत वेगळी असते. सणापर्यंत रोज सकाळी, उन्हात, अंगणात बसून केस विंचरायचे. डावी बाजू आजीने, उजवी आईने. एकीने दोन्ही बाजू केल्या तर चालत नाही. छोट्या छोट्या बटा करून रिबिनी बांधायच्या, प्रत्येक बट कोणत्या पाहुण्याची ते पोरीला सांगायचं. आणि मुक्याने विंचरायचं नाही. केस हातात आहेत तोवर तोंड चालू पाहिजे."

"ही कुठली रीत? मी जन्मात ऐकली नाही."

"कोमाद्रे, तुम्ही कधी एकदा कापलेलं जावळ दुसऱ्यांदा काढलंय?"

"नाही."

"मग तुम्हाला कशी माहीत असणार?"

रोसाउराने मान हलवली. रिबिनी शिवून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिवणकाम मी सिस्टरांच्या शाळेत शिकले होते. सातुर्निनाला गल्लीपर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, ही रीत तुमच्या वरच्या डोंगरातली का?

"कसली डोंगरातली. काल राख ओढताना सुचली," ती म्हणाली. "नर्सबाई म्हणाली बोला. या दोघी नुसतं सांगून बोलणार आहेत का? रीत म्हटलं की बसतील."

बसल्या. पहिल्या सकाळी देल्मिराला मध्ये बाकावर बसवून दोघी दोन बाजूंना बसल्या, तोंडं दोन दिशांना. बराच वेळ नुसता कंगव्याचा आवाज. मग फोर्तुनाताला रीत आठवली असावी. ती पोरीला म्हणाली, "देल्मिरा, तुझ्या आईला सांग, भांग वाकडा पाडतेय."

रोसाउराचा हात थांबला. "देल्मिरा, तुझ्या आजीला सांग, भांग सरळच आहे. आजीची मान वाकडी आहे."

"आईला सांग, माझ्या मानेवर पाण्याचे हंडे वाहिलेत मी. तिच्यासारखी नळाखाली नाही वाढले."

"आजीला सांग, नळाला पाणी यायचं तेव्हा ना. आम्हीसुद्धा बादल्या वाहिल्या आहेत. तिसऱ्या गल्लीतून."

मी भिंतीपलीकडे रिबीन शिवत बसले होते. मला वाटलं, झालं, आता भांडण पेटणार आणि सातुर्निनाची रीत चुलीत जाणार. पण देल्मिराकडे बघितलं तर पोर अगदी ताठ बसली होती. आजी बोलली की आजीच्या तोंडाकडे, आई बोलली की आईच्या तोंडाकडे. डोळे विस्फारलेले. तिच्याशी एवढं कुणी कधी बोललंच नव्हतं. भांडण असेना का, प्रत्येक वाक्य तिच्या नावाने सुरू होत होतं.

रोज हेच. पहिला आठवडा टोमण्यांत गेला. आईला सांग, सूप खारट झालं होतं. आजीला सांग, मीठ त्यांनीच दुसऱ्यांदा टाकलं. मग टोमणे पुरेनात. दोघींच्या हातात केस, तोंड बंद ठेवायचं नाही, म्हणून त्या पोरीला काहीबाही सांगू लागल्या. ही बट तुझ्या काकाची, त्याचं नाक बटाट्यासारखं आहे. ही दोन्या ओबदुलियाची, ती रिबिनीला अस्तर लावते, एवढी हौशी. रोसाउरा समुद्राचं सांगायची: गलबतं, मासे, सीगल पक्षी कोळ्यांच्या हातातून मासा कसा पळवतात. फोर्तुनाता ऐकत नसल्यासारखं दाखवायची, पण एकदा म्हणाली, "आईला विचार, त्या पक्ष्यांना कुणी दगड मारत नाही का?"

"आजीला सांग, मारतात. लागत नाही."

देल्मिरा कधी कधी ओठ हलवायची. आवाज नसायचा. सातुर्निना भट्टीचे दिवस सोडून रोज एकदा येऊन जायची, दोघींना काही विचारायची नाही, पोरीला विचारायची, "मग? आज काय काय निरोप पोचवले?" आणि उत्तरासाठी उभी राहायची. उत्तर येत नसे. "बरं, उद्या सांग," म्हणून जायची.

सण आठवड्यावर आला. तेओदोसियोने खाणीतून निरोप पाठवला की सणानंतरच्या ट्रकमध्ये बायको-मुलीसाठी जागा सांगून ठेवली आहे. रोसाउराने एक गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. फोर्तुनाता येता-जाता त्याला वळसा घालायची. मला पोरीची काळजी वाटू लागली. बहिणीच्या घरी सगळी माणसं कामाला जाणारी, दिवसभर पोर कुलुपात बसणार, हे रोसाउरानेच मला सांगितलं होतं.

एका सकाळी बाकावर रिबिनी मांडल्या होत्या. एक धीट कुई स्वयंपाकघरातून बाहेर आली, लाल रिबीन तोंडात धरली आणि पळाली.

"धर, धर, तुझ्या बाजूला," फोर्तुनाता ओरडली.

"मामाय, पाय उचला, पायाखालून गेली," रोसाउरा थेट सासूला म्हणाली.

फोर्तुनाताने पाय उचलले ते बाकच कलला. रोसाउराने एका हाताने पोरीला आणि दुसऱ्याने सासूला सावरलं. कुई रिबिनीसकट लाकडाच्या ढिगात गेली. फोर्तुनाताला हसू आलं. आधी ती नाकातून हसली, मग पोट धरून.

"तेओदोसियो लहानपणी असाच," ती डोळे पुसत म्हणाली, "पाव उचलायचा आणि त्याच ढिगामागे. अंगावर केस नव्हते एवढंच."

"अजूनही तसेच आहेत, मामाय. महिन्याने येतात, खातात आणि गायब."

"त्याचा बाप तसाच होता. मला वाटायचं, माझ्यावर रागवून जातो."

"मलाही तसंच वाटतं."

"नाही गं. त्यांना बोलता येत नाही. घराण्यालाच नाही."

दोघी बोलत सुटल्या. हात केसांवरून निघाले होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. देल्मिरा मध्ये बसलेली, अर्ध्या डोक्याला रिबिनी, अर्धं मोकळं. तिने आजीकडे बघितलं. आईकडे बघितलं. दोघींपैकी कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. मग तिने आजीची शाल ओढली.

"सांग," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, दार पहिल्यांदा उघडावं तसा. दोघी जागच्या जागी थिजल्या.

"काय सांगू, माझे बाई?" फोर्तुनाताने अगदी हळू विचारलं.

"आईला सांग," देल्मिरा म्हणाली आणि आपल्या छातीवर हात आपटला. निरोप तिच्यामार्फत जायला हवा होता. तिचं काम कुणीतरी काढून घेतलं होतं.

फोर्तुनाताने घसा साफ केला. "देल्मिरा, तुझ्या आईला सांग, आमची मुलगी बोलली म्हणावं."

रोसाउराने पोरीचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "देल्मिरा, आजीला सांग, मी ऐकलं."

त्या दिवशी केस विंचरायला दुपार झाली. पोरीने दोघींना सोडलंच नाही. 'सांग' आणि 'आईला' आणि 'आजीला' एवढ्याच तीन शब्दांवर तिने दोघींना नाचवलं. भट्टीवर फोर्तुनाताने सगळ्यांना ऐकवलं की जावळाची रीत पाळली म्हणून जीभ सुटली. रोसाउराने नर्सला सांगितलं की बोलल्यामुळे सुटली. सातुर्निनाला मी विचारलं, तू काय म्हणतेस? ती म्हणाली, "मी म्हणते, पाव काढ, करपतोय."

सणाला जावळ झालं. हार्प आली, व्हायोलिन आलं, मक्याची आंबवलेली चिचा घागरींनी आली. सातुर्निनाने पहिली बट कापली, ताटात ठेवली. माणसं पुढे आली, बट कापली, देल्मिरा प्रत्येकाला ओळखून ओरडू लागली, "काका. नाक." काकाने चांगलं मोठं कोकरू कबूल केलं, तेही हसत. तेओदोसियो एका कोपऱ्यात बसून मुलीकडे बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाची मुलगी आहे आणि तिला कसं मागून घ्यावं ते सुचत नाही.

पण गाठोडं दाराशीच होतं. रोसाउरा शब्दाची पक्की आणि फोर्तुनाताने एवढ्या दिवसांत 'जाऊ नको' म्हटलं नव्हतं. कोंबड्यांबद्दल बोलली, मिठाबद्दल बोलली, नवऱ्याबद्दल बोलली. ते एक बोलली नाही.

ट्रक सकाळी चौकात यायचा. मी निरोप द्यायला गेले. सातुर्निना वाटेसाठी पावांची पिशवी घेऊन आली होती. तेओदोसियोने गाठोडं खांद्यावर घेतलं. केस कापलेली देल्मिरा टोपी घालून उंबऱ्यात उभी होती. तिला वाटत होतं सगळेच निघालेत, म्हणून ती आजीला म्हणाली, "आजी, चल."

फोर्तुनाताचा चेहरा बदलला. तिने पोरीच्या टोपीवर हात ठेवला आणि नजर वर न करता म्हणाली, "देल्मिरा, तुझ्या आईला सांग..."

"नाही, मामाय," रोसाउरा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे तिला नका सांगू. मला सांगा."

चौकातून भोंगा वाजला. तेओदोसियोने गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. सातुर्निना एकदा तरी मध्ये पडेल असं मला वाटलं, पण ती थांबली होती, भट्टीवर पोरांसमोर थांबायची तशीच, घाई न करता.

फोर्तुनाताने मान वर केली. पहिल्यांदा नुसते ओठ हलले.

"मका सोलायचा आहे," ती म्हणाली. मग थांबली, हे पुरेसं नाही हे तिलाही कळलं असावं. "माझ्या एकटीने होतो. तो मुद्दा नाही. तू राहा, रोसाउरा. केसांचं चुकलं ते तुझं नाही, माझं. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगायला हवं होतं."

रोसाउरा पुढे झाली. नवऱ्याच्या खांद्यावरचं गाठोडं ओढून घेतलं आणि आत नेऊन टाकलं. देल्मिरा तिच्यामागे धावली, "आई, चल, चल" करत, कारण तिला ट्रकमध्ये बसायचंच होतं. शेवटी तेओदोसियोने तिला कडेवर घेतलं आणि चौकापर्यंत ट्रक बघायला नेलं. जाताना ती बोलत होती आणि तो, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, विचारत होता, "कोण? कुठे? मग काय झालं?"

सातुर्निनाने पावांची पिशवी उघडून बघितली. "आता हे एवढे पाव कोण खाणार?" ती म्हणाली.

"ये की आत," फोर्तुनाता म्हणाली. "सूप आहे. सून करते, बरं करते हल्ली."